उघड्या पात्यासमोर बोलू नये

कारखान्यात त्याला सगळे मायक्रॉन म्हणायचे. खरं नाव होतं ते पगाराच्या चिठ्ठीवर, आणि तिथेच राहिलं. तीस वर्षं हा माणूस एकाच खोलीत बसला, माप-खोलीत. तयार झालेला दांडा टेबलावर आला की पांढरे हातमोजे चढवायचा, मोजायचा, आणि केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा फरक निघाला तरी माघारी पाठवायचा. फोरमन अगदी रडकुंडीला यायचा. "अरे बाबा, जाऊ दे की! कुणाला कळतंय?" हा म्हणायचा, "मला कळतंय ना." झालं, विषय संपला.

अशा माणसाच्या गळ्यात एक प्रश्न पडला आणि नेमका तोच कुठल्या पट्टीने मोजता येईना. प्रश्न तसा साधा आहे. एका रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी त्याची बायको तलवारींच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तिला काहीतरी सांगायचं होतं. याने हात वर करून तिला थांबवलं. ती आल्या पावली परत गेली. साडेपाचला हा चहासाठी बाहेर आला तेव्हा ती आतल्या खोलीत पलंगावर पडलेली होती आणि अंग गार पडत चाललं होतं. ती काय सांगायला आली होती? या एका प्रश्नाने दीड वर्ष या बाबाची पाठ सोडली नाही.

हो, तलवारींची खोली. दचकू नका. माणूस झुरळाला घाबरणारा होता. पण घरातली सगळ्यात उन्हाची, सगळ्यात कोरडी खोली त्याने सात जपानी तलवारींना दिली होती. भिंतीवर एकाखाली एक, धार वरच्या बाजूला करून, स्वतः रंधा मारून केलेल्या लाकडी घोड्यांवर त्या ठेवलेल्या. प्रत्येकीखाली पोस्टकार्डाएवढी पाटी आणि तिच्यावर लांबी, बाक, कुठल्या शतकातली, कुठल्या लोहाराची, आणि नक्की माहीत नसेल तर "बहुधा". हा "बहुधा" त्याला फार छळायचा. एकेक "बहुधा" खोडायला त्याला पाच-पाच वर्षं लागली.

हे वेड लावलं घड्याळजीने. कारखान्याच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान होतं, जेमतेम दोन माणसं मावतील एवढं. मायक्रॉन तिथे गजर बिघडलेलं घड्याळ घेऊन गेला आणि कपाटाच्या वर कापडात गुंडाळलेली ती लांबडी वस्तू त्याला दिसली. घड्याळजीच्या बापाला ती कुणीतरी थकलेल्या पैशांच्या बदल्यात दिलेली. मायक्रॉनने खिशातून आपलं माप काढलं (हो, खिशात असायचं) आणि पात्याची जाडी वीस ठिकाणी मोजली. वीसच्या वीस मापं वेगळी. आणि तरी टोकापासून मुठीपर्यंत एक रेघ चुकलेली नाही. धारेच्या अंगाने धुक्यासारखी पांढुरकी लहर गेलेली. "ही हाताने केलीय?" त्याने विचारलं. "मग काय पायाने?" घड्याळजी म्हणाला. त्या दिवशी घड्याळ दुकानातच विसरून मायक्रॉन घरी आला.

घड्याळजीने त्याला तीन गोष्टी शिकवल्या. एक, पात्याला बोट लावायचं नाही, बोटाचा घाम पोलाद खातो. दोन, पातं उघडं असताना बोलायचं नाही. बोलताना तोंडातून न दिसणारे थेंब उडतात आणि थेंब पडला तिथे डाग उठतो. म्हणून मऊ कागदाची घडी ओठांत धरून बसायचं. हा नियम त्या तलवारींच्या मुलखातलाच, चांगला शेकडो वर्षांचा. तिसरी गोष्ट मात्र त्याने उशिरा सांगितली, आणि तिथे घोटाळा झाला.

पात्याचा जो भाग मुठीच्या आत जातो त्याला घड्याळजी शेपूट म्हणायचा. मुठीतली लाकडी खुंटी ठोकून काढली की मूठ निसटते आणि शेपूट बाहेर येते. लोहार आपलं नाव तिथे कोरतो, आणि त्या नावावर दोन-तीनशे वर्षांचा काळा गंज बसलेला असतो. मायक्रॉनने दुसरी तलवार घेतली ती एका म्हाताऱ्या कप्तानाच्या मागे त्याच्या सामानाच्या विक्रीत. घरी येऊन मूठ काढतो तर काय, गंजच गंज! आता ज्या माणसाचं सगळं आयुष्य गंजाशी वैर करण्यात गेलं तो काय करणार? एक अख्खी दुपार, पॉलिश पेपर, घासलेट आणि कोपरापर्यंत जोर. संध्याकाळी शेपूट आरशासारखी चकचकीत करून तो ऐटीत घड्याळजीकडे घेऊन गेला.

घड्याळजीने ती उजेडात धरली, खाली ठेवली आणि डोळ्यांवरचं भिंग काढलं. "गाढवा," तो म्हणाला, "तो गंज म्हणजे तिचा जन्मदाखला होता रे. त्याच्या रंगावरून वय कळतं, खरं-खोटं कळतं. शेपटीच्या गंजाला कधी हात लावू नये. तो काढला की खाली नुसतं लोखंड उरतं."

मायक्रॉन आठवडाभर जेवला नाही धड. मग त्याने ती तलवार सगळ्यांत खाली लावली आणि पाटी लिहिली: "नाव पुसलं गेलं. चूक माझी." त्याची लेक चिमणी तेव्हा सात वर्षांची. तिने त्या तलवारीचं नाव टकली ठेवलं. तेच पुढे घरात रूढ झालं.

बायको शिवणकाम करायची. समोरच्या खोलीत तिचं मशीन, गळ्यात अष्टौप्रहर टेप, तोंडात टाचण्या. तलवारींना ती सवती म्हणायची. "सात सवतींवर दिली मला," येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायची, "आणि सातीजणींना तेल-पावडर लावतात, मला कधी विचारलं नाही हो, डोकं दुखतंय का म्हणून!" म्हणायची आणि स्वतःच खो-खो हसायची. पण सातही सवतींना रेशमी पिशव्या शिवल्या तिनेच, नाडीला गोंडे लावून. मायक्रॉन चाळिशी उलटल्यावर शब्दकोश घेऊन ती परकी अक्षरं गिरवायला बसला तेव्हा रात्रीचा कंदील... छे, कंदील कसला, साधा टेबलाचा दिवा तिनेच मशीनवरचा काढून दिला. शेपटीवर पातळ कागद ठेवून वरून शिसं घासलं की कोरलेलं नाव कागदावर उमटतं. असे ठसे तो परदेशातल्या जाणकारांना पाठवायचा आणि आठ-आठ महिने उत्तराची वाट बघायचा. एकदा दोन ओळींचं उत्तर आलं की चौथ्या तलवारीवरचं नाव खोटं आहे, मागाहून कुणीतरी कोरलंय.

"म्हणजे ती आता घरातून जाणार?" बायकोने आशेने विचारलं.

"छे! खोटी असली तरी दोनशे वर्षांपूर्वीची खोटी आहे."

तिने कपाळावर हात मारला. "मला एकदा दोनशे वर्षांची होऊ द्या, मग बघा कशी भाव खाते ती."

दर रविवारी साडेतीन ते साडेपाच साफसफाई. जुनं तेल मऊ कागदाने टिपायचं, पावडरीच्या पुरचुंडीने पात्यावर हलके ठोके द्यायचे, पुन्हा टिपायचं, लवंगेच्या तेलाचा पातळ हात फिरवायचा. घरभर लवंगेचा वास. आणि शांतता. त्या दोन तासांत घरात कुणी तोंड उघडायचं नाही. लेक लहानपणी शाळेत बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाली होती, आमच्याकडे रविवारी बाबा कागद खातात. नवरा-बायकोने मात्र यावर तोडगा काढला होता. खुणा. दारात येऊन तिने अंगठा तोंडाला लावला की चहा. कानाला हात लावला की फोन आलाय. चौकटीवर बोट वाजवलं की कुणी भेटायला आलंय. याने हात वर केला म्हणजे नंतर. अठ्ठावीस वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला.

आणि तो रविवार आला.

पहिलीच तलवार होती हातात, घड्याळजीने मरेस्तोवर सांभाळ म्हणून सोपवलेली. पातं उघडं, ओठांत कागद. दारात ती आली. अंगठा नाही, कान नाही, चौकट नाही. नुसती उभी. गळ्यातल्या टेपची दोन्ही टोकं तिने मुठीत धरली होती, छातीशी. तोंड उघडलं तिने. याचा हात वर गेला. तिने मान हलवली, बरं म्हटल्यासारखी, आणि गेली.

मायक्रॉनची एक वही होती. दर रविवारी कुठली तलवार, हवेत ओल किती, तेल कधी, डाग आहे का नाही, सगळं त्यात पेन्सिलीने. तिची पावलं अजून पॅसेजमध्ये वाजत होती तेव्हा त्याने लिहिलं, "४.१०. व्यत्यय एक. पातं पुन्हा पुसलं."

दवाखान्यात डॉक्टरांनी हार्ट अटॅक सांगितला. मायक्रॉनने विचारलं, "तासभर आधी आणलं असतं तर?" डॉक्टर दिवसभर राबलेला माणूस, आणि प्रामाणिक. म्हणाला, "तर कदाचित आपण आत्ता वेगळं बोलत असतो."

बस. तिथून याच्या डोक्याला भुंगा लागला. टेपची टोकं तिने धरली होती ती टेप म्हणून धरली होती, की छाती दाबून धरली होती आणि टेप मध्ये आली? तिला कुठे दुखतंय हे सांगायचं होतं, की दूध संपलंय? दूध संपलं असेल तर याने हात वर केला यात काही पाप नाही. आणि दुखत असेल तर... पुढचं त्याला उच्चारवत नव्हतं. दुखतंय याला खूणच नव्हती ना त्यांच्याकडे! अठ्ठावीस वर्षांत चहाला खूण केली, पाहुण्याला केली, आणि याला केली नाही. स्वतःला इतक्या शिव्या त्याने दिल्या की फोरमनने तीस वर्षांत मिळून दिल्या नसतील.

मग त्याने शोध सुरू केला, तलवारीचा करावा तसाच. दूध पाहिलं: पातेलंभर होतं. गॅसची टाकी भरलेली होती. दाराशी कुणी आलं होतं का, खालच्या काकूंना तीनदा विचारलं. चौथ्यांदा त्यांनी दार उघडलं नाही. मशीनवर कुणाच्या तरी फ्रॉकची अर्धी दुमड तशीच होती, सुई कापडात रुतलेली. आणि तिच्या फोनवर एक फोन, चार पंचवीसला, लेकीला. दोन मिनिटं.

लेक आता मोठी झालेली, गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची, चपला-बुटांच्या मोठ्या दुकानात मॅनेजर. त्याने चौथ्या दिवशी तिला विचारलं. ती आईचे कपडे घडी करत होती, मान वर न करता म्हणाली, "पडद्याचं माप विचारत होती. माझ्या हॉलच्या."

पडद्याचं माप! म्हणून हातात टेप! म्हणजे तेच विचारायला आली असणार दारात, लेकीच्या खिडकीची उंची आठवतेय का म्हणून. मायक्रॉन मटकन खुर्चीत बसला आणि लहान मुलासारखा रडला, पण ते रडणं सुटकेचं होतं. त्या रात्री त्याला झोप लागली. पुढेही लागत राहिली. लेक एक रविवार सोडून यायची, डबा आणायची, आणि एकदा तीच म्हणाली, "बाबा, साफसफाई सुरू करा परत. आईने पिशव्या शिवल्यात त्यांना, गंजू नका देऊ." त्याने सुरू केली. दिवस जात होते. बरे नव्हेत, पण जात होते.

इथेच थांबला असता तर! पण थांबेल तो मायक्रॉन कसला.

वर्ष उलटून गेल्यावर लेक म्हणाली, मशीन कुणा गरजूला देऊन टाकू. म्हणून हा समोरची खोली आवरायला बसला. कपाटाच्या तळाशी कागदात बांधलेला गठ्ठा निघाला. निळसर कापड, कापलेलं, टाचण्या लावलेलं, फक्त शिलाई मारायची बाकी. वर तिच्या अक्षरात चिठ्ठी: "चिमणी, हॉल, दोन नग, उंची ८४, रुंदी ५२." आणि तारीख. त्या रविवारच्या नऊ दिवस आधीची.

त्याने टेप आणली. कापड मोजलं. चौऱ्याऐंशी, अधिक दुमडीचे चार. पुन्हा मोजलं. तेच.

ज्या बाईने नऊ दिवस आधी कापड कापून टाचण्या लावल्यात ती माप कशाला विचारेल?

गठ्ठा काखेत मारून तो घड्याळजीकडे गेला. घड्याळजी आता नव्वदीचा, दुकान बंद, मुलाच्या घरी खिडकीत बसून असायचा. ऐकू कमी यायचं, म्हणून मायक्रॉनला सगळं ओरडून सांगावं लागलं, कापड, तारीख, फोन, पोरगी खोटं बोलली ते. सुनेने आतून डोकावून पाहिलं. घड्याळजीने टाचण्या लावलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"टकली आहे अजून?" त्याने विचारलं.

"आहे."

"मग परत कशाला तेच करतोस? पोरीने काहीतरी झाकलंय ना, झाकलेलं राहू दे. कोळसा उगाळावा तितका काळाच, बाबा. शेपटीला हात लावू नकोस."

"मला कळायला नको?"

"कळून करणार काय तू?"

मायक्रॉनने गठ्ठा पुन्हा काखेत मारला. काम अर्धवट सोडायची सवय त्याला कुठे होती? परत येताना बसमध्ये त्याने ठरवलं की विचारायचं. आपल्याला खरं काय ते कळण्याचा हक्क आहे, एवढंच त्याच्या मनात होतं. ते खरं सध्या कुणाच्या अंगावर बसलंय, याचा विचार त्याने केला नाही. खरंच नाही केला हो. तीस वर्षं दांडे मोजणाऱ्याला दांड्याच्या मनाचा विचार करावा लागत नाही.

पुढच्या रविवारी लेक यायची होती. त्याने साडेतीनला पहिली तलवार उतरवली. टेबलाच्या एका कडेला कापडाचा गठ्ठा उघडून ठेवला, वर चिठ्ठी, तारीख दिसेल अशी. पुरावा मांडावा तसा. चार वाजून गेले तेव्हा दाराची किल्ली वाजली, डबा ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला आणि लेक तलवारींच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. त्याच जागी. तिची नजर कापडावर गेली. तिने तोंड उघडलं.

आणि याचा हात वर गेला.

मेला हात! अठ्ठावीस वर्षांची सवय, तो काय विचारून उठतो? लेक तिथल्या तिथे गप्प झाली. मायक्रॉनने आपलाच हात पाहिला, हवेत, तळवा तिच्याकडे केलेला. त्याने तो दुसऱ्या हाताने धरून खाली आणला. ओठांतला कागद काढला.

"बोल," तो म्हणाला. "पातं उघडं आहे, असू दे. तू बोल."

"काय बोलू?"

"कापड तिने नऊ दिवस आधी कापलंय, चिमणे. मग ती माप कशाला विचारेल?"

"तुम्ही मोजलंत?"

"मोजलं."

"मोजणारच," ती म्हणाली. दाराच्या चौकटीला टेकली. मग एकदम बोलायला लागली ती थांबेना. "दुकानात गर्दी होती, बाबा. एका हातात फोन, एका हातात बूट. ती म्हणाली, छातीत कसंतरी होतंय गं, हाताला मुंग्या आल्यात. मी विचारलं, बाबा कुठेत? म्हणाली, त्यांची तलवार उघडी आहे, गेले होते सांगायला, थांब म्हणाले, साडेपाचला होतील मोकळे. मी म्हटलं, ॲसिडिटी असेल, सकाळपासून काही खाल्लं नसशील, ती गुलाबी गोळी घे आणि पड जरा. म्हटलं, दुकान बंद झालं की फोन करते. ती बरं म्हणाली. बरं म्हणाली, बाबा! जशी काही मी डॉक्टरच आहे. मी फोन ठेवला आणि त्या माणसाला नऊ नंबरचा बूट दाखवला. त्याने घेतलाही नाही."

मायक्रॉनने कागदाची घडी टेबलावर ठेवली. म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुमच्यावर आलं असतं. आणि माझ्यावरही. पडदे म्हटलं की दोघंही सुटत होतो. तुम्हाला झोप लागायला लागली होती. दीड वर्ष मी एकटीने सांभाळलं ते. रोज वाटायचं, आज कळेल, उद्या कळेल. पण तुम्ही झोपत होतात ना, मला तेवढं बरं वाटायचं. आता काय झालं? सांगा ना, आता काय मिळालं तुम्हाला?"

काय मिळालं? त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं, अगदी तंतोतंत. आणि समोर पोर चौकटीला धरून हुंदके देत होती. मायक्रॉनला तेव्हा एकच सुचलं, जे जन्मात सुचलं नव्हतं. तो खोटं बोलला.

"डॉक्टर म्हणाले होते मला," तो म्हणाला, "काही उपयोग झाला नसता. आधी आणलं असतं तरी. मिनिटांचा खेळ होता म्हणाले. तुझ्या हातात काही नव्हतं."

लेकीने डोळे पुसले. त्याच्याकडे बघितलं, आणि तिच्या नजरेत राग नव्हता, हेच वाईट.

"बाबा, तुम्हाला नाही हो जमत खोटं. मीही विचारलं होतं डॉक्टरांना. तुम्ही बाहेर गेलात ना, त्यानंतर लगेच."

दोघांच्या मध्ये उघडं पातं होतं. मग तिने विचारलं, "त्या दिवशी वहीत काय लिहिलंत तुम्ही?"

"काही नाही. नेहमीचंच."

"दाखवा."

त्याने नको म्हणून पाहिलं. तिने स्वतःच शेल्फवरून वही काढली, तारीख शोधली आणि वाचलं. व्यत्यय एक. पातं पुन्हा पुसलं. तिने ते दोनदा वाचलं असावं, कारण पान उलटायला ती फार वेळ थांबली आणि शेवटी उलटलंच नाही. टेबलावरची पेन्सिल घेतली. त्याच ओळीखाली तिने लिहिलं, "४.२५. फोन एक. गिऱ्हाईक होतं." वही मिटून त्याच्यापुढे ठेवली. डबा ओट्यावर आहे, गरम करून खा, म्हणाली, आणि गेली. कापड नेलं नाही.

पातं त्या दिवशी कुणी पुसलं नाही. पुढच्या रविवारी त्यावर तीन डाग उठले होते, लालसर, मसुरीच्या दाण्याएवढे. मायक्रॉनने ते पाहिले आणि तलवार म्यानात घातली. त्यानंतर एकही तलवार उतरवली नाही. बैल गेला आणि झोपा केला, म्हणायची बायको, कुठली गोष्ट वेळेवर न केली की. तिचा आवाज त्याला हल्ली फार आठवतो, विशेषतः रविवारी, आता घरात कितीही बोललं तरी चालतं तेव्हा.

लेक येते, नाही असं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी येते, दारातूनच डबा देते, नोकरी आहे, वेळ होत नाही म्हणते. तिला एकदा नीट समजवावं, तुझी चूक नाही, माझी आहे, असं सरळ शब्दांत म्हणावं, म्हणून त्याने तिला मध्ये एक फोन केला होता. दुपारची वेळ, दुकानात गर्दीची. एक रिंग पुरती वाजली नाही तोच तिने उचलला. पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज, कुणीतरी ओरडतंय, आणि तिचा श्वास वर गेलेला.

"काय झालं? बाबा? छातीत दुखतंय का? बोला, बाबा, बोला ना!"

"नाही गं," तो म्हणाला. "सहज केला होता."

पलीकडे ती रडायला लागली, दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. त्याच्या दुसऱ्या फोनलाही तसंच झालं. तिसऱ्यालाही.

हल्ली तो फोन करत नाही.